बिनड्रायव्हरची गाडी आणि हरलालभाऊ

नेहा, पोरी, फोन जरा कानाजवळ धर, आधी तुला रागावून घेते. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. त्याच्या बदली पाठवलंस काय, तर आपोआप चालणाऱ्या गाडीचा व्हिडिओ. खाली लिहिलंस, आजी, हा हरलालआजोबांना दाखव आणि गंमत बघ. दाखवला, बाई. आता गंमत ऐक.

हरलालभाऊ आपल्या शेजारच्या तांड्यावरचे. उभा जन्म घाटंजी ते यवतमाळ जीप चालवली. आता जीप नाही, पण पाय काही थांबत नाहीत. एसटीत मागच्या बाकावर बसले तरी उजवा पाय ब्रेक दाबतो, डावा क्लच. वळण आलं की तोंडातल्या तोंडात, "घे, घे, घे... आता सोड." एकदा असा ब्रेक दाबला की शेजारी बसलेल्या गुरुजींच्या चपलेचा अंगठाच तुटला. गुरुजी तापले. हे शांतपणे म्हणाले, "चप्पल गेली गुरुजी, पण म्हैस वाचली ना."

तर व्हिडिओ. मला वाटलं हसतील, पण ते गंभीर झाले. चांगली हाय, म्हणाले. तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नाही, दारू पीत नाही, जेवण झाल्यावर डुलकी घेत नाही, मोबाइल पाहत नाही, कोणी मागून हॉर्न वाजवला म्हणून भांडायला खाली उतरत नाही. एवढे गुण एका ड्रायव्हरात त्यांनी कधी पाहिले नव्हते, स्वतःत तर नाहीच. पण मग त्यांचा ठरलेला सवाल आला. बँकेतल्या पैशाच्या यंत्रालाही ते हाच सवाल लावतात.

"तिले वळख हाय का?"

त्यांचं म्हणणं असं, की रस्त्याच्या कडेला हात दाखवणारी बाई माहेरी निघाली का दवाखान्यात, हे तोंड पाहून कळलं पाहिजे. ते यंत्राला कुठून कळणार?

याचा अनुभवही आला आम्हाला. तुरीच्या हंगामात त्यांचा मुलगा विनोद पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. पुरती बिनड्रायव्हरची नव्हे, पण पुढे काही आडवं आलं की स्वतःच थांबणारी. हरलालभाऊ पुढे, मी मागे. हायवेवर समोरचा ट्रक एकदम उभा राहिला. भाऊंनी नेहमीसारखा रिकाम्या जागी पाय दाबला, आणि गाडी खरंच थांबली. विनोद परोपरीनं सांगतो, बाबा, ती गाडीनं थांबवली. हे कुठले ऐकायला. मागे वळून मला म्हणाले, "अजून जमते, बाई."

मग गावचा रस्ता लागला. तिथे गावातल्या शांतानं तूर पसरली होती. शहरात राहून तू विसरली असशील, जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांखाली शेंगा फुटाव्या म्हणून आपल्याकडे रस्त्यावर पसरतात, आणि त्यावरून गाडी नेणं हा शेजारधर्म. पण ही गाडी ढिगासमोर उभी राहून नुसती टूं टूं करत बसली. शांता कमरेवर हात ठेवून आली. "काहून जी, आमची तूर चालत नाही का तुमच्या गाडीले?"

हरलालभाऊ लाजेनं अर्धे झाले. खाली उतरून म्हणाले, "राग नको मानू माय, नवी हाय. अजून वळण लागलं नाही तिले." आणि गाडीच्या वाटचं काम म्हणून स्वतःच त्या तुरीवर पाय आपटत फेऱ्या मारून आले.

हसलीस? हस. पण त्यांची जीप कुठे गेली, हे तुला कोणी सांगितलं नसेल. माझं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून यवतमाळला मला तेच नेत होते. मी कधी बोलावलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. सकाळी दारात जीप उभी. त्यांची बायको सोना गेली, तरी हा नेम चुकला नाही. मग त्यांच्याच डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी चालवायला मनाई केली, विनोदनं जीप विकली. त्या दिवशी मी घाबरले. गाडी कोणाचीही मिळेल, पण कोणाच्या भरवशावर जायचं?

गावातल्या प्रकाशची व्हॅन ठरवली. ती दारात आली, तर पुढच्या सीटवर हरलालभाऊ, धुतलेला पांढरा सदरा घालून. तेव्हापासून दर खेपेला तसेच. प्रकाश मला सोडून दुसऱ्या सवारीला निघून जातो. मी आत मशीनला, आणि हे बाहेर बाकावर. मी निघते तेव्हा पायात जीव नसतो. दारातून तो पांढरा सदरा दिसला की मग पाय चालतात.

परवा मीच म्हटलं, भाऊ, प्रकाश नेतो, आणतो. उद्या आपल्या नेहाची ती गाडीही येईल. तुम्ही कायले हैराण होता?

"येऊ दे ना," ते म्हणाले. "दारातून नेईन ती, दारात सोडन, हा फायदा मानतो मी तिचा. पण बाहेर बसून वाट कोण पाहीन?"

मी म्हटलं, बसून बसून पाठ धरते तुमची, त्यापेक्षा घरी पडत जा. ते हातातला खर्रा घोटत राहिले. मग खाली पाहत म्हणाले, "सोना गेल्यापासून घरी माही वाट पाहाले कोणी नाही, बाई. तिथं बाकावर निदान मी तरी कोणाची वाट पाहून राह्यलो असतो."

माझ्या वाट्याला असं माणूस आलं, एवढंच मनात म्हटलं आणि देवाला हात जोडले.

तर नेहा, लवकर ये आता. कोणत्याही गाडीनं ये, पण दिवस आधी कळव. घाटंजीच्या स्टँडवर हरलालभाऊ सकाळपासून जाऊन बसतील.