सोपानअण्णांचं स्वराज्य

सोपानअण्णा हायवेवर हेल्मेट काढतात आणि स्वतःच्या उसात शिरताना घालतात. पिंपळवंडीत त्यांच्या बांधाला माझा बांध असल्यामुळे हा सोहळा मी रोज पाहतो. न राहवून एकदा कारण विचारलं.

"हायवेवर घाला म्हनून सांगनारं लई हायेत," ते म्हणाले. "वावरात बिबट्या हाय, पन सांगनारं कोन न्हाई. तिथं मी माझ्या मर्जीनं घालतो."

दंड मात्र ते बिनतक्रार भरतात. फक्त कायदा दिल्लीचा की मुंबईचा, एवढं पोलिसाकडून वदवून घेतात.

कुठलाही नियम दिसला की त्यांचा हाच प्रश्न. बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा ते दिल्लीवर रुसले. मुंबईनं कायदा बदलून त्या पुन्हा सुरू केल्या, तर मुंबईवरही रुसले, कारण मुंबईला जमतं तर पिंपळवंडीला का नाही? त्यांच्या मते दिल्लीनं अधिकार राज्याला द्यावेत, राज्यानं गावाला, गावानं घराला आणि घरानं माणसाला. ग्रामसभेत ते हे मांडू लागले की लोक हळूच चपला शोधतात. मला मात्र हा माणूस एवढं सगळं कुठून आणतो, याचं भारी कुतूहल.

वनखात्याचा गार्ड उसात पिंजरा लावायला आला, तेव्हा अण्णांनी त्याला बांधावरच अडवलं. बिबट्या दिल्लीच्या कायद्यातला, पिंजरा मुंबईच्या खात्याचा आणि वावर माझं, तेव्हा तिघांची बैठक लावा, म्हणाले. गार्ड मुरलेला निघाला. त्यानं नुसतं, "अण्णा, लावू का?" असं विचारलं. अण्णा खुलले. जागा दाखवली, वर चहा पाजला.

घरातही हेच राज्य. बायको वारल्यापासून घरात अण्णा आणि त्यांची एकुलती एक पूनम, दोघंच. केस कापायचे, नर्सिंगला जायचं, सगळं पूनमनं ठरवलं आणि अण्णांनी मान डोलावली. मग तिला जर्मनीत नोकरी लागली.

एका संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. अण्णांना विचारलं तर "तुझं तू ठरीव" एवढंच म्हणाले, असं तिनं सांगितलं.

"मी जाणारच आहे, काका. पण त्यांना काही वाटतं की नाही, एवढं तरी कळू दे ना."

मी अण्णांना गाठलं. दाढी वाढलेली, ताटातली भाकरी तशीच. पण बापानं मन बोलून दाखवलं की पोरीच्या पायात खोडा पडतो, मग तिचा हक्क राहतो कुठे, हा त्यांचा मुद्दा. मला राग आला. हे कसलं स्वातंत्र्य, ज्यात बापाला जीव लावायचीही चोरी, असं मी तोंडावर बोललो.

निघायच्या दिवशी अण्णांनी गाडीत बॅगा चढवल्या, स्वतः दार लावलं. गाडी हलली आणि ते हात वर करून आडवे उभे राहिले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. अण्णा खिडकीशी आले.

"पूनम, ठरवनारी तूच हायेस. पन तू जाऊ नको, असं मला लई वाटतं. आता जा, इमान चुकंल."

पूनम खाली उतरली, त्यांच्या गळ्यात पडली. मग गेली.

धूळ बसेपर्यंत अण्णा रस्त्यातच उभे होते.

"राव," त्यांनी मला विचारलं, "तिच्या हक्काला धक्का नाय ना लागला?"

नाही, म्हणालो. मग ते पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले.