देवरे सर आणि उरलेले रंग

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीत प्रत्येक दाराची बेल वाजते. दारात देवरे सर उभे असतात, हातात रिकामे डबे. "रंग उरलाय का? टाकू नका, मला द्या." नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, सरांची हौस अजून फिटलेली नाही. खरं तर त्यांनी आयुष्यात कोणाच्या गालाला बोट लावलं नसेल. हे रंग ते गच्चीवरच्या पाइपात ओततात.

सर देवळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घेऊन ते नाशकात, पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आले. काही वर्षांनी बाई गेल्या आणि सरांचं लक्ष गटारांकडे वळलं. "आभायनं पानी येगळं शे, आपलं पानी येगळं शे," हे त्यांचं पालुपद. एरवी ते आपल्यासारखंच बोलतात, पण चिडले की अहिराणी बाहेर येते. गच्चीवर पडणारं पाणी पावसाळी गटारात जावं, संडास-मोरीचं ड्रेनेजमध्ये जावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते दूधवाल्यालाही थांबवून सांगत, आणि दूधवाला आमच्याकडे उशिरा येई.

आम्ही तळमजल्यावर. जोराचा पाऊस लागला की आमच्या मोरीतून पाणी वर यायचं. कुठलं पाणी ते लिहीत नाही, कोणी जेवता जेवता वाचत असेल. आईची खोली मोरीला लागून. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे पाणी ओसरेपर्यंत ती खाटेवर पाय घेऊन बसून राहायची. शेवटी तिने हट्टच धरला, मला सटाण्याला नेऊन सोड. तिथलं घर कुलूपबंद होतं, तिला पाण्याचा तांब्या द्यायलाही कोणी नव्हतं. पण कोरडं होतं.

सरांना हे कळलं. पुढच्या रविवारी त्यांनी गच्चीवरच्या तीन पाइपांत तीन रंग ओतले, लाल, पिवळा आणि निळा, आणि वरून बादल्या रिकाम्या केल्या. आम्ही सगळे रस्त्याकडेच्या पावसाळी गटारापाशी वाट बघत उभे. तिथे थेंब आला नाही. मग सरांनी आमच्या दारापुढच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायला लावलं. आतून चिखलासारखं काहीतरी वाहत होतं. सर कितीतरी वेळ खेदाने बघत राहिले. "पोरं ब्रशचं पाणी बदलत नाहीत ना, तेव्हा अस्सा रंग होतो. शून्य मार्क."

बिल्डरने तिन्ही पाइप ड्रेनेजलाच जोडून दिले होते. पावसात ते तुंबलं की पाणी आमच्या मोरीतून वर. चेअरमन म्हणाले, "बघू." पार्किंगच्या नव्या फरश्या फोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि वरच्या मजल्यांना तर त्रासच नव्हता. मी आईची बॅग भरायला घेतली.

सर मात्र पावसाची वाट बघत होते. तो आला तसे ते चेअरमनना हाताला धरून खाली घेऊन आले आणि थेट आईच्या खाटेवर बसवलं. "पाय वर घ्या. पाच मिनिटं फक्त." चेअरमन गुडघे पोटाशी घेऊन आईशेजारी बसले. त्यांची एक चप्पल तरंगत दाराकडे निघाली. आईने त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले.

पाऊस उघडताच फरश्या फुटल्या. गच्चीचं पाणी वेगळ्या पाइपाने रस्त्याकडेच्या गटारात जाईपर्यंत सर खुर्ची टाकून कामगारांच्या डोक्यावर बसले होते. तेव्हापासून मोरी कोरडी आहे. बॅग पुन्हा माळ्यावर गेली. सरांमुळे माझी आई माझ्या घरात आहे, हे मी कोणालाही सांगतो.

तरीही जोराचा पाऊस आला की सर अजून आमच्या दारात येतात, हातात रंगाचा डबा. परवाही आले. मी म्हटलं, "सर, आता कशाला? सगळं उत्तम चाललंय."

"तपासलेलं बरं," ते म्हणाले. पण जिन्याकडे वळले नाहीत. दारातच उभे राहिले. कामं चालू असताना एकदा ते सहज बोलून गेले होते, "बाई गेल्यापासून आमची बोली घरात बंद झाली. बोलणार कोणाशी, भिंतीशी?" ते मला तेव्हा आठवलं.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "या ना मास्तर, बठा. आज कोनता रंग शे?"

सरांनी चपला काढल्या. "हिरवा शे, बहीन," म्हणत ते आत गेले, आईच्या खाटेसमोरच्या खुर्चीवर बसले आणि डबा खुर्चीखाली सरकवला. मी चहा ठेवायला गेलो. बाहेर पाऊस वाढत चालला होता. आत दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि चेंबर बघायला कोणीच उठलं नाही.