हायड्रोजनच्या यंत्रावरचं निरांजन

साहेब, हे तुम्ही केलंत. निरांजन चिकटवलं महिपतने, मान्य. पण त्या निरांजनाला यंत्राचा सुटा भाग तुम्ही बनवलंत.

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचं यंत्र देशातच बनवा, परदेशी भाग घालू नका, आम्ही पाठीशी आहोत, असं धोरण तुम्ही काढलंत. डोंबिवली एमआयडीसीतल्या हरिहर सामंतने ते खरं मानलं. दुधाच्या टाक्या वेल्डिंग करण्यात उमर गेलेला माणूस. दोन वर्षं खपून त्याने कपाटाएवढं यंत्र उभं केलं. ठाण्याचं एक गिऱ्हाईकही तयार होतं. देशी बनावटीचा सरकारी दाखला आणा, यंत्र उचलतो, म्हणालं.

‘नट आपला, बोल्ट आपला,’ हरिहर ठाकुर्लीत भेटेल त्याला ऐकवायचा. ‘भिंग घेऊन या, परदेशी काय सापडलं तर मिशी उतरवतो.’

तपासणीच्या सकाळी त्याचा वीस वर्षांपासूनचा फिटर महिपत दिवा गावाहून नारळ, हार, कापूर घेऊन हजर. पूजा न झालेल्या मशीनचं बटण हा माणूस दाबत नाही. हरिहरने समजावलं की हायड्रोजनला ठिणगी पुरते, आरती ओवाळलीस तर आपण दोघे थेट कल्याणला जाऊन पडू. महिपतचं तोंड एवढंसं झालं.

‘दसऱ्याला ड्रिल मशीनला पण ओवाळतो आपण, हरिभाऊ. हिनं काय पाप केलं?’

तोडगा काढला हरिहरच्या बायकोने, सुमतीने. गणपतीच्या मखरातलं सेलवर लुकलुकणारं निरांजन तिने घरून आणलं. ना ज्योत, ना धूर. हरिहरलाही पटलं. पडू नये म्हणून महिपतने ते डबल टेपने यंत्राच्या कपाळावर पक्कं बसवलं.

मग तुमचा तपासनीस आला. वॉशरसुद्धा मोजले त्याने. प्रत्येक भागापुढे ‘देशी’ लिहिलं. हरिहर मिशीवर हात फिरवतोय, तोवर तपासनिसाची नजर वर गेली. निरांजन उपटून त्याने उलटं केलं. बुडाला चिनी अक्षरं.

‘हे काय काम करतं?’

हरिहर सांगायला गेला की शोभेचं आहे. पण शोभेचं म्हटल्यावर महिपतच्या देवाचा अपमान झाला.

‘शोभेचं कसं?’ तो मध्येच म्हणाला. ‘हे नसलं तर मशीन चालूच होणार नाय, साहेब.’

तपासनिसाने शांतपणे लिहिलं: यंत्र सुरू होण्यास अत्यावश्यक भाग परदेशी. दाखला नामंजूर. त्या दिवसापासून हरिहर ठाकुर्लीत तोंडाला रुमाल बांधून फिरतो.

निरांजन काढून त्याने पुन्हा अर्ज केला. तुम्ही कळवलंत, एक भाग कमी झाल्यामुळे हे यंत्र नवीन मॉडेल ठरतं आणि नव्या मॉडेलची मुदत संपली. त्याने निमूट निरांजन परत चिकटवलं. तुम्ही कळवलंत, परदेशी भाग अद्याप कायम आहे.

ठाण्याचं गिऱ्हाईक आता फोनवर नुसतं ‘काय मग?’ एवढंच विचारतं. महिपत हरिहरशी बोलत नाही. सुमती दोघांशी बोलत नाही.

तेव्हा साहेब, मोघम पत्रं पुरे. सहीशिक्क्यानिशी एका ओळीत सांगा: निरांजन ठेवायचं, की काढायचं?