काळी पाचचा बिघाड

वडशाला असताना चटणी वाटायची झाली तर मला आधी बशीरभाईंची परवानगी घ्यावी लागत असे. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर ते एक लाल टॉवेल टाकत. टॉवेल दिसला की समजायचं, रेकॉर्डिंग चालू आहे. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर सगळं बंद. एकदा मी विसरले आणि खोबरं फिरवलं. मिनिटभरात भिंतीवर डोकं उगवलं.

"म्याडम, तुमचं खोबरं गाण्यात येऊन राह्यलं ना!"

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला बदलीवर गेले होते. बशीरभाईंची सारी हयात झाडीपट्टीतल्या नाटकांना लाउडस्पीकर लावण्यात गेलेली. दिवाळी झाली की नाटक कंपन्या गावोगाव निघतात. त्याआधी गाडीवरून फिरवायची जाहिरात तयार लागते, मध्ये नाटकातलं एखादं पद घातलेली. पूर्वी ती कॅसेटवर भरायची. दोन हजार सालच्या पुढेमागे बशीरभाईंनी नागपूरहून कॉम्प्युटर आणला आणि मागच्या खोलीत 'स्टुडिओ' उभा राहिला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना छतापर्यंत धानाच्या कोंढ्याची पोती. आवाज घुमत नसे हे कबूल, पण आत गेलेला माणूस बाहेर यायचा तो थेट राइस मिलमधून आल्यासारखा.

मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलाय हे कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि माझी रोज संध्याकाळी भिंतीवरून तोंडी परीक्षा सुरू झाली. खरं म्हणजे त्यांना माझी गरज नव्हती. जे मला पुस्तकातून माहीत होतं ते त्यांनी शिव्या देत, तारा उपसत, पुन्हा जोडत स्वतःच शिकून घेतलं होतं. त्यांचा सिद्धांत एकच: "मशीन बेकसूर आहे. गलती माणसाची."

त्याची एक वहीच त्यांनी ठेवली होती. डावीकडे बिमारी, उजवीकडे इलाज. 'बिमारी: आवाज फाटते, लाल बत्ती लागते. इलाज: हिरोले दोन पावलं मागं घ्या. तरी फाटला तर दरवाज्यात उभं करा.' नाटकातली माणसं शेवटच्या बैलबंडीवर बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत आवाज पोचवणारी. त्यांना हळू बोला म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. 'बिमारी: गाण्याच्या मागं भुंगा गुणगुणते. इलाज: अर्थिंग तहानलं आहे.' त्यामुळे अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ते रोज सकाळी बादलीभर पाणी आणि मूठभर मीठ घालत. इतक्या भक्तिभावाने, की त्यांच्या बायको शमीमभाभी म्हणायच्या, "इतकं पानी मिरच्याच्या झाडाले टाकलं असतं तर बजारातून आणाव्या नसत्या लागल्या."

एकदा एटापल्लीकडचा एक गायक आला होता. हेडफोनमध्ये त्याचा आवाज त्यालाच जरा उशिरा ऐकू येत होता. तो बिचारा सभ्य माणूस, स्वतःच्या आवाजासाठी थांबायला लागला. तो थांबला की आवाज आणखी मागे. शेवटी लग्नातलं गाणं अंत्ययात्रेच्या चालीवर आलं. बशीरभाईंनी गाणं थांबवलं आणि सॉफ्टवेअरमधला, आवाज अडवून ठेवणारा बफर कमी केला. मग गायकाला म्हणाले, "बापू, आवाज तुझा नोकर आहे. नोकराची वाट कोणी पाह्यते का?" दोष मशीनचा होता हे मी सांगून पाहिलं. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर अशा माणसाच्या खोलीत मी गिरजाबाईंना पहिल्यांदा पाहिलं.

गिरजाबाई म्हणजे 'काळी पाचवाली गिरजाबाई'. पेटीची पाचवी काळी पट्टी, बायकांतही मोजक्यांनाच झेपणारी. तीस हिवाळे त्या त्याच पट्टीत गात आल्या होत्या आणि जाहिरातीच्या गाडीवरून त्यांचं नाव पट्टीसकट पुकारलं जाई. आदल्याच दिवशी बशीरभाई भिंतीपाशी येऊन मला म्हणाले होते, "देवाजीभाऊ यंदा नागपूरची पोरगी पाहून राह्यला. म्हणते, बाईचं रेकॉर्डिंग ऐकतो, मंग ठरवतो." देवाजीभाऊ म्हणजे गिरजाबाईंच्या नाटक कंपनीचे मालक. दुसऱ्या दिवशी टॉवेल दुपारच्या रेकॉर्डिंगसाठी सकाळी आठलाच भिंतीवर आला.

दुपारी त्यांनी मलाही बोलावलं. कॉम्प्युटर अडला तर असावी, म्हणून. पंखा बंद. पेटीमास्तर घाम पुसत बसलेले. गिरजाबाई साठीच्या, काठाचं पातळ, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. मग पद वर चढलं, आणि अगदी टोकाच्या जागी आवाज चिरला. थोडासाच. पण त्या खोलीत सुई पडली तरी रेकॉर्ड होत असे.

"थांबा बाई," बशीरभाई म्हणाले, "मशीन अटकली."

मी पडद्याकडे पाहिलं. मशीन झकास चालू होतं. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात चहा झाला. बाईंनी पुन्हा गायलं. तीच जागा, तोच चिरा. "लाइन कमी-जास्त होऊन राह्यली." पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी गिरजाबाईंनीच मध्ये गाणं सोडलं आणि मांडीवरच्या पदराकडे बघत बसल्या. मला तर तिथून उठून जावंसं वाटलं.

बशीरभाई उठले. कॉम्प्युटरच्या डब्यावर दोन थापा मारल्या, कान लावला, आणि डॉक्टरच्या चेहऱ्याने म्हणाले, "समजलं. हे साउंड कार्ड नवं आहे. काळी पाच झेपत नाई याले. वरच्या पट्टीत चिरा पाडते."

आता साउंड कार्डाला पट्टी झेपत नाही हे ऐकून माझ्यातली विज्ञानशिक्षिका खडबडून जागी झाली. "पण बशीरभाई, असं कसं होई..."

"म्याडम, तुमचं दूध उतू चाललं."

मी धावत घरी गेले. चुलीपाशी पोचल्यावर आठवलं, घरात दूधच नव्हतं. मी तिथेच उभी राहिले आणि मला सगळं कळलं. स्वतःच्या पदवीची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

परत आले तेव्हा गिरजाबाई विचारत होत्या, "मंग कोणती पट्टी चालते तुमच्या मशीनले?"

"काळी तीन साफ घेते."

"गरीब आहे बापा मशीन," त्या म्हणाल्या. "घ्या मंग तीन. तिच्यासाठी."

पेटीमास्तरांनी मान वर न करता बोटं खाली सरकवली. गिरजाबाई गायल्या. एका दमात, एकही जागा न सोडता. तो आवाज तिथे वरचा राहिलाच नव्हता. तो भरलेला, पिकलेला झाला होता. बशीरभाईंनी सेव्ह केलं, मग पुन्हा सेव्ह केलं, आणि डोळे पुसले. कोंढा गेला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवाजीभाऊंनी सीडी ऐकली. "बाई ठेवली कंपनीत. पण पट्टी काऊन उतरली?"

"माझं कार्ड खराब आहे, भाऊ," बशीरभाई म्हणाले.

हे वडशात पसरायला कितीसा वेळ लागतो? त्या मोसमात दोन कंपन्या आपली पदं भरायला नागपूरला गेल्या. बशीरभाईंच्या मशीनमध्ये दम नाही, असं चहाच्या टपरीवर लोक त्यांच्या तोंडावर बोलत. मशीनवर शब्द येऊ न देणारा तो माणूस खाली मान घालून चहा पीत असे. मला त्यांचा इतका राग येई आणि इतकी माया वाटे, की दोन्ही एकदमच गिळावं लागे.

कंपनी दौऱ्यावर निघायच्या दिवशी गिरजाबाई माझ्या दारात आल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "म्याडम, तुमी शिकल्या-सवरल्या. पट्टीनं कॉम्प्युटर बिघडते का हो?"

"बिघडतो कधीकधी," मी म्हणाले. "काही कार्डं असतात तशी."

त्या खुदकन हसल्या. "तुमाले बी फोडलं वाटते त्यानं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तीस वर्सं विंगेत बसून माझा माईक सांभाळला त्यानं. माझा आवाज कुठी चिरते, हे माझ्याआधी त्याले समजते. मले समजत नाई का, तो काय करून राह्यला?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

"नाई जी! आन् तुमी बी नका सांगू." त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला. "पुढच्या साली मले काळी दोनवर यावं लागन. तवा मशीन पुन्हा बिघडली पाह्यजे ना."