उपकरण कोणतं?

आमच्या गोत्री भागातल्या सोसायटीत दिघे सरांसमोर "काय उकडतंय आज!" म्हणायची सोय नाही. लगेच प्रश्न येतो, "उपकरण कोणतं?" वॉचमनचीही सुटका नाही. तो बिचारा एकदा "बहु गरमी छे, साहेब" म्हणाला, तर सरांनी त्याच्याच गुजरातीत विचारलं, "शेनाथी मापी?" म्हणजे, कशाने मोजली? तेव्हापासून तो नुसतं "केम छो" म्हणून मोकळा होतो.

सर भौतिक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुठला पदार्थ किती उष्णता घेतो आणि किती सोडतो, यातच त्यांची हयात गेली. कॉलेज सुटलं, पण खिशातला थर्मामीटर काही सुटला नाही. एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेलो. कप तोंडाला लावणार, तोच सरांनी त्यात थर्मामीटर बुडवला.

"थांबा. समतोल होऊ दे."

पारा स्थिरावेपर्यंत मी आशाळभूतासारखा बसून राहिलो. सरांनी आकडा वहीत उतरवला आणि कोमट चहा माझ्याकडे सरकवला. आतून सरांच्या पत्नी, सुमनकाकू म्हणाल्या, "पिऊन टाका हो. आमच्याकडे गरम चहा फक्त वहीत मिळतो."

शेजारणीने एकदा काकूंच्या कपाळाला हात लावून कणकण आहे म्हटलं, तर सर तिच्यावरच उखडले. "हात हे उपकरण नव्हे!"

गेल्या महिन्यात काकूंना खरंच ताप भरला. पाच दिवस झाले तरी उतरेना. फ्रिजवर आलेखाचा कागद लागला आणि दर तासाला त्यावर एक टिंब वाढू लागलं. उद्यापर्यंत उतरला नाही तर ॲडमिट करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी सरांनी मला, बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला, विचारलं, "उतरेल ना हो?" मला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी पेज घेऊन गेलो. दार उघडंच होतं. थर्मामीटर टेबलावर पडला होता आणि सर पलंगाशी बसले होते, काकूंच्या कपाळावर हात ठेवून.

"उतरला!" सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

माझा जीव भांड्यात पडला. त्या भरात मी बोलून गेलो, "सर, उपकरण कोणतं?"

काकूंना अंथरुणातही हसू फुटलं. "अहो, काढा आता हात. पहाटेपासून ठेवलाय."

सरांनी हात हलवला नाही.

"थांब गं," ते म्हणाले, "समतोल होऊ दे."