दौंडहून जर्मनीला कुर्र

भाचीच्या बारशाला निघताना मुक्ताबाईंनी सोबत वरवंटा घेतला. वरवंट्याला झबलं घातलं होतं, टोपडं बांधलं होतं आणि दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीटही लावली होती. भाची होती जर्मनीत, आणि भांडगावहून त्यांना आणि आणखी सात बायांना घेऊन जीप निघाली होती दौंडला. यात कुणाला काही वावगं वाटलं तर त्यानं एवढंच लक्षात घ्यावं, की मांडीवर घ्यायला या बाजूलाही काहीतरी पाहिजे होतं.

विश्वजीत हा मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मुक्ताबाई सोळाच्या. त्याला भरवलं त्यांनी, शाळेत घातलं त्यांनी, आणि कारेगावच्या कारखान्यात तो लागला तेव्हा पेढेही वाटले त्यांनीच. त्या कारखान्यानं त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं, आणि तिथं त्याला मुलगी झाली. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, कानात कुर्र करून पहिल्यांदा आत्यानंच सांगायचं, आणि मग बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपल्याकडची रीत. विश्वजीतनं फोनवर सांगितलं होतं, की कॉम्प्युटरवरून बोलता येतं, इकडं आम्ही बाळाच्या कानाला हेडफोन लावू. मुक्ताबाईंना त्या रात्री झोप आली नाही. समुद्रापलीकडच्या कानात इथून कुर्र करायचं, या विचारानंच त्यांचा ऊर भरून आला होता.

लालमहंमदमामांचं दुकान दौंड स्टेशनच्या अलीकडं होतं. तीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आणून इंटरनेटही चालू केलं. मामा रेडिओ उघडत नाहीत, नुसता कानाला लावतात आणि कुठला पार्ट गेला ते सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी बायांना सतरंजी अंथरून दिली, मुक्ताबाईंना खुर्ची दिली आणि एकच गोष्ट बजावली. बरोबर एक वाजता लोडशेडिंग होतं, त्याच्या आत नाव ठेवून मोकळं व्हायचं.

साडेबाराला जर्मनी लागली. "अक्का, ऐकू येतंय का?" असं विश्वजीत म्हणाला आणि मुक्ताबाईंचा हात तोंडावर गेला. टेलिफोनवर आवाज यायचा तो विहिरीतून आल्यासारखा, पण हा तर शेजारच्या खोलीतून बोलत होता. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तेवढ्यात तिकडं बाळ शिंकलं, एवढीशी शिंक, आणि ती जर्मनीतून निघून दौंडात पोहोचली. सगळ्या बाया एका सुरात "शतंजीव" म्हणाल्या आणि मग एकमेकींकडं बघत राहिल्या.

"अक्का, तू बोलली का काही?" विश्वजीतनं विचारलं. "इकडं नुसतं घूं घूं येतंय."

लालमहंमदमामांना हसू आलं. घूं म्हणजे काय, ते त्यांच्या घरचंच काम. त्यांनी पहिल्यांदा पंखा बंद केला. मे महिना होता, बायांनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. घूं थोडी कमी झाली. मग त्यांनी ट्यूबलाइट बंद केली, कारण तिचा चोक गुणगुणत होता. दुकानात अंधार झाला, घूं आणखी कमी झाली. मग मामांनी डोळे मिटून कान दिला आणि म्हणाले, की यात घुंगरू हाय. शेजारी बन्सीची रसवंती होती. मामांनी जाऊन बन्सीला सांगितलं, की जर्मनीत बारसं चाललंय, जरा चरक थांबव. बन्सीनं चरक थांबवला, पण जर्मनीतलं बारसं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणून तो आणि अर्धा ग्लास रस हातात घेतलेली चार गिऱ्हाइकंही मागोमाग दुकानात आली.

तरी बारीक घूं राहिलीच होती. "अर्थिंग सुकली आसंल," मामा म्हणाले. "उन्हाळ्यात जमीन करंट वढत न्हाई." अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायचं हे खेड्यातल्या कुठल्याही मोटारवाल्याला ठाऊक असतं. मीठ बन्सीकडं होतं, पाणी बायांच्या कळशीत होतं. बन्सीनं सगळी कळशी खड्ड्यात रिकामी केली आणि मामा माईकपुढं बसले.

"हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री."

"मामा, एकदम स्वच्छ," तिकडून विश्वजीत म्हणाला. "मांडीला मांडी लावून बसल्यासारखं."

दौंडातल्या एका खड्ड्यात कळशीभर पाणी ओतलं आणि जर्मनीत आवाज स्वच्छ झाला, हे पचायला थोडा वेळ लागतोच. बन्सी तर त्या खड्ड्याकडं देवळाकडं बघावं तसा बघत होता. मामांनी शेवटची खबरदारी म्हणून विचारलं, की कुणाकडं मोबाईल असेल तर बंद करा, तो जवळ असला की माईकच्या वायरीत टिर्र वाजतं. बन्सीनं बंद केला, जीपवाल्यानं केला, मामांनी स्वतःचाही केला. मुक्ताबाईंकडं मोबाईल होता, पोलक्यात, रुमालात गुंडाळून. पण आदल्या दिवशी कीर्तनात वाजू नये म्हणून त्यांच्या लेकीनं, सायलीनं, काहीतरी दाबून तो गप्प केला होता, आणि तेव्हापासून तो मुकाच होता. मुक्याला आणखी काय गप्प करायचं, आणि एवढ्या पुरुषमाणसांत पोलक्यात हात कुठं घालायचा, असा विचार करून मुक्ताबाई काही बोलल्या नाहीत.

त्या खुर्चीवर बसल्या, वरवंटा मांडीवर घेतला, माईक तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "बाळा."

"टिर्र टिर्र टिर्रर्र," जर्मनीला पोहोचलं. तिकडं बाळानं भोकाड पसरलं.

मामांनी माईक घेतला, हॅलो म्हटलं. स्वच्छ. मुक्ताबाईंना दिला. टिर्र. मामांनी मुक्ताबाईंची चुलत सासू रंगुबाई हिला बसवलं. रंगुबाईनं जर्मनीला विचारलं, की तिकडं पाऊसपाणी कसं हाय. स्वच्छ. बन्सीला बसवलं, त्यानं रसाचा भाव सांगितला. तोही स्वच्छ. मुक्ताबाई बसल्या. टिर्र. मामांनी बांगड्यांवर रुमाल बांधायला लावला, डोरलं पदराखाली घ्यायला लावलं, जोडव्यांचे पाय पाटावर ठेवायला लावले. टिर्र काही हटेना. तीस वर्षं कानानं रेडिओ ओळखणारा माणूस कपाळावरचा घाम पुसत उभा राहिला. माईकमध्ये दोष नव्हता, वायरीत नव्हता, लायनीत नव्हता. दोष होता तो मुक्ताबाईंत.

जे मामांच्या तोंडून निघालं नाही ते रंगुबाईच्या निघालं. "सटवाईच्या मनात न्हाई ग, मुक्ते," ती हळूच म्हणाली. "तुझ्या तोंडून न्हाई जायचं नाव."

बारा पन्नास झाले होते. तिकडून विश्वजीत अवघडलेल्या आवाजात बोलू लागला. पाहुणे ताटकळलेत, बाळ भुकेलंय, आणि सुदैवानं बायकोची मावसबहीण आसावरी तिथंच आलेली आहे. ती सांगेल बाळाच्या कानात, मग अक्का तू निवांत बोल. मुक्ताबाईंना ते सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, हेच वाईट होतं. सहा वर्षांच्या भावाला ज्या तोंडानं अंगाई म्हटली, त्याच तोंडातून आता नुसती टिर्र निघत होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माईक खाली ठेवला आणि वरवंट्याचं टोपडं सारखं केलं.

मग त्यांनी मान वर केली. "मामा, तुमचा आवाज जातोय न्हवं?"

"जातोय की."

"मंग तुम्हीच सांगा नाव. मी तुमच्या कानात सांगते, तुम्ही तिच्या कानात सांगा. नाव तर माझं ऱ्हाईल."

लालमहंमदमामांनी दाढीवरून हात फिरवला. सात बाया, बन्सी आणि चार गिऱ्हाइकं त्यांच्याकडं बघत होती. भिंतीवरचं घड्याळ एकाला पाच कमी दाखवत होतं. "आमच्यात बाळाच्या कानात अजान देत्यात, बाई," ते म्हणाले. "माझ्या चारी नातवंडांस्नी मीच दिली. कानात बोलायची सवय हाय मला. पण ते कुर्र कसं करायचं तेवढं दावा."

मुक्ताबाईंनी त्यांना कुर्र करून दाखवलं. मामांनी दोनदा सराव केला. मग मुक्ताबाई वाकल्या, पदर आडवा धरला आणि मामांच्या उजव्या कानात नाव सांगून चार पावलं मागं सरकल्या. मामांनी टोपी सारखी केली, माईक दोन्ही हातांत धरला, आणि दौंड तालुक्यात कुणी ऐकला नसेल इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "कुर्रर्र. केतकी."

जर्मनीत बाळाचं रडणं थांबलं. ते थांबलेलंही इथं ऐकू आलं. मग तिकडं टाळ्या वाजल्या आणि विश्वजीतचा आवाज आला, जरा घोगरा झालेला. "अक्का, केतकी म्हणजे आपल्या आईचं लाडाचं नाव ना?"

मुक्ताबाई हुंदका देणार होत्या, पण रीत ही रीत असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. रंगुबाई उठली आणि तिनं त्यांच्या पाठीत पहिला धपाटा घातला. बाकीच्या सहाजणींनीही गेल्या अर्ध्या तासाचा सगळा उकाडा त्या पाठीवर काढला. चौथ्या की पाचव्या धपाट्याला मुक्ताबाईंच्या पोलक्यातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी निसटलं, वरवंट्यावर आपटलं आणि मामांच्या पायाशी येऊन पडलं.

मामांनी रुमाल सोडला. मोबाईल होता. आवाज नव्हता त्याला, पण तोंडावर दिवा लागला होता आणि हौसरावांचं नाव चमकत होतं. मामांनी तो माईकजवळ नेला. टिर्र. लांब नेला. शांत. पुन्हा जवळ नेला. टिर्र. त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांची अब्रू परत आली. "बाई," ते म्हणाले, "दोष तुमच्यात न्हवता. मालकांत हुता."

हौसराव, म्हणजे मुक्ताबाईंचे यजमान, भांडगावात चुलीपुढं बसले होते. नाव ठेवल्याशिवाय घुगऱ्या वाटायच्या नाहीत असं बायको बजावून गेली होती, आणि हंड्यातले हरभरे शिजून मेण झाले होते. झालं का ते विचारायला त्यांनी अर्ध्या तासात एकतीस वेळा फोन लावला होता. उचलत नाही म्हणून परत, परत उचलत नाही म्हणून परत. बत्तिसाव्याला मामांनी फोन उचलला.

"झालं का वो?" हौसरावांनी विचारलं. "उतरवू का हंडा?"

"उतरवा," मामा म्हणाले, आणि फोन बंद करून खिशात टाकला. एकाला दोन मिनिटं कमी होती. मुक्ताबाई धावत खुर्चीवर बसल्या. "केतकी," त्या म्हणाल्या, "मी आत्या ग तुझी." आणि ते शब्द जसेच्या तसे, ना घूं ना टिर्र, सगळे देश ओलांडून एका मुठीएवढ्या कानात गेले. बाळानं तिकडं हुंकार दिला. तो ऐकून मुक्ताबाईंच्या अंगावर काटा आला, आणि लाइट गेली.

त्यानंतर दर रविवारी मुक्ताबाई दौंडला येऊ लागल्या, मोबाईल घरी ठेवून. प्रत्येक वेळी आधी मामा माईक तपासायचे, हॅलो हॅलो म्हणायचे, केतकीला नावानं हाक मारायचे आणि मग खुर्ची सोडायचे. तिकडं आईबाप मुलीला सांगत, ऐक, आत्या बोलतेय. असं दीड वर्ष चाललं. शेवटी दिवाळीला विश्वजीत बायकोमुलीसह घरी आला आणि स्टेशनवर उतरल्यावर सगळी आधी मामांच्या दुकानात गेली.

मुक्ताबाईंनी दोन्ही हात पसरले. केतकी बापाच्या कडेवरून त्यांच्याकडं परक्यासारखी बघत राहिली. तेवढ्यात आतून लालमहंमदमामा आले आणि म्हणाले, "केतकी, आलीस का?"

आवाज ऐकताच पोरीनं झेप घेतली, मामांच्या गळ्यात पडली, त्यांची दाढी मुठीत धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्या."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून दोघांकडं बघत होत्या. मग त्या सावकाश मामांच्या मागं गेल्या.

"धपाटे मी खाल्ले आन् आत्या तुम्ही झालाव व्हय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मामांच्या पाठीत दीड वर्ष राहून गेलेला एक धपाटा घातला.