हमीदभाई माल उतरवतात

हमीदभाई कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. जिन्यात भेटोत, कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, पाव घेताना भेटोत, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. “काय ओ, उतरवलंत?”

नवा माणूस गोंधळतो. मग त्याला कुणीतरी समजावतं, की फोनमधले फोटो हार्ड डिस्कवर उतरवलेस का, असं ते विचारतायत. सौदीतल्या राबिघमधल्या आमच्या इमारतीत हा प्रश्न चुकलेला माणूस नाही. इजिप्तच्या रखवालदाराला त्याचा अर्थ कळत नाही, पण उत्तर ठाऊक आहे. तो लांबूनच हात वर करून “खलास, हमीदभाई, खलास” म्हणतो.

हमीदभाई रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे स्टोअरकीपर आहेत. मूळचे दाभोळकडचे. आजोबांचा मचवा होता, कौलं भरून मुंबईला जायचा. त्यामुळे त्यांच्या लेखी फोन ही होडी आणि डिस्क हा किनारा. “माल होडीत ठेवून कोण निजतो ओ? वारा काय सांगून येतो?” मी जवळच्या थुवालच्या विद्यापीठात ग्रंथालयात काम करतो. एकदा मी त्यांना म्हटलं, की हल्ली फोटो आपोआप वर इंटरनेटवर साठवले जातात. त्यांनी छताकडे पाहिलं. “वर कुणाचं गोदाम आहे? मालकाचं तोंड बघितलंय तुम्ही?”

शुक्रवारी नमाज आणि जेवण झालं की त्यांच्या खोलीत माणसं फोन घेऊन जमतात. टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरलेला असतो. खजुराच्या रिकाम्या डब्यात वायरी, प्रत्येकीला रबर लावलेलं. मध्येच कुणाचा फोन वाजू नये म्हणून आधी सगळ्यांची ‘तोंडं बंद’ करायची. चहा उकळत असतो, पण काम संपेपर्यंत मिळत नाही. अर्धा माल होडीत असताना चहा पिणारा खलाशी त्यांच्या आजोबांनी म्हणे बंदरावरच सोडून दिला होता.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हमीदभाई फोटो बघत नाहीत. पडद्यावर फक्त फायलींची नावं दिसतील अशी व्यवस्था करतात आणि वर खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात. इतक्या लोकांचे फोटो हाताखालून जातात, कधी बघावंसं वाटत नाही का, असं मी विचारलं होतं. “दुसऱ्याच्या घरात बायामाणसं असतात, सर. पोती मोजायची असतात, फोडायची नसतात.”

या सभ्यपणाने एकदा घोटाळा केला. गुहागरचा बशीर आणि श्रीवर्धनचा एक ड्रायव्हर एकाच आठवड्यात सुट्टीवर गेले आणि त्यांच्या डिस्क बदलल्या. बशीर प्रवासाने दमून झोपला होता. घरच्यांनी डिस्क टीव्हीला लावली. डोळ्यांनी अधू झालेली त्याची आई बराच वेळ श्रीवर्धनच्या ड्रायव्हरला बघत बसली आणि पोरगा वाळला, डोक्यावरचे केससुद्धा गेले, म्हणून रडली. बायकोने मात्र लगेच ओळखलं. फोटोतला माणूस भांडी घासत होता.

तेव्हापासून नवा नियम झाला. काम संपलं की मालकाने शेवटचा फोटो स्वतः उघडायचा आणि माल आपलाच आहे असं तोंडाने सांगायचं.

माझी पत्नी नीला गेली, आणि तिचे विधी पुण्यात करून मी परत आलो, तेव्हा इमारतीतले लोक भेटायला आले. हमीदभाई बराच वेळ मान खाली घालून बसले. निघताना दारात थांबून म्हणाले, “वहिनींचा फोन उतरवलात?” शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा माणूस जिन्यावरून पडला असता.

त्यांचं म्हणणं मला दोन दिवसांनी समजलं. नीलाचा नंबर तिच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, होता. इकामा रद्द झाला की नंबर बंद. तिचे बरेचसे फोटो त्या ‘वरच्या गोदामात’ होते आणि गोदामाच्या कुलपाचा कोड त्याच नंबरवर येणार होता. आमच्या कचेरीची सरकारी कामं बघणारा मंदूब तो रद्द करण्यासाठी तिचे कागद न्यायला कोणत्याही दिवशी येणार होता. नंबर गेला की फोटोही जाणार. मला हे कळत होतं, पण तिचा फोन हातात घेववत नव्हता. हमीदभाई जिन्यात विचारत, मी उद्या म्हणत असे.

शेवटी एका संध्याकाळी ते डबा आणि टॉवेल घेऊन दारात उभे राहिले. “तुम्ही बघू नका. मीही बघणार नाय. पण उतरवू.”

कोड आला तेव्हा नीलाचा फोन वाजला. कितीतरी दिवसांनी वाजला. हमीदभाईंनी तो कोड टिपून घेतला, खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी पुस्तक उघडून बसलो. पान उलटलं नाही. मंदूब उद्या आला तरी चालेल, असं ते भिंतीला म्हणाले, तेव्हा सगळं उतरलं होतं. मग मला म्हणाले, “आता शेवटचा उघडा.”

मी म्हटलं, मला नाही जमणार. नियम तुमचा आहे, तुम्हीच मोडा.

“मोडला की कुणाची तरी आई रडते, सर.” त्यांनी खुर्ची टेबलाकडे वळवली. “मग मी बघू? तुमची परवानगी असेल तर.”

मी मान हलवली. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उघडला आणि चष्मा काढून पुन्हा पुसला.

“नीला आहे का?”

“नाय,” ते म्हणाले. “मी आहे.”

मग मात्र मला उठून बघावंच लागलं. फोटो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला होता. समोरच्या गच्चीत हमीदभाई एकटेच जेवत होते. ताट मांडीवर, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. ताटाशेजारी नीलाने धाडलेल्या आमटीचं पातेलं. फोनच्या पडद्यावर काहीतरी गोल दिसत होतं. मला ते घड्याळ वाटलं.

हमीदभाईंनी बोटांनी तेवढा भाग मोठा केला. “पंखा आहे. आमच्या घरचा.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, की जेवायच्या वेळी घरून रोज व्हिडिओ कॉल लावतात, सगळ्यांनी एकत्र जेवावं म्हणून. तिकडे ते त्यांचा फोन तांब्याला टेकवून ठेवतात. कुणीतरी भातासाठी हात लांब करतं आणि फोन उताणा पडतो. घरात माणसं पुष्कळ, बोलण्याच्या नादात कुणाच्या लक्षात येत नाही. पंखा दिसतो, भांडी वाजतात, नातवंडं भांडतात.

“तुम्ही सांगत का नाही त्यांना?” मी विचारलं.

त्यांनी वायर गुंडाळली, तिला रबर लावलं.

“सांगितलं तर उचलतील, दोन शब्द बोलतील आणि बंद करतील,” ते म्हणाले. “पडलेला असला की सगळ्यांचं जेवण होईपर्यंत चालू राहतो.”